मागं शाफ्ट हाय का?

गाड्यांच्या पोटाखाली आमच्या साडूंइतका वेळ अख्ख्या मराठवाड्यात कुणी घालवला नसेल, आणि हे मी गॅरेजवाल्यांना जमेस धरून म्हणतो आहे. गॅरेजवाला निदान बिघडलेल्या गाडीखाली जातो, तेही मालकानं बोलावल्यावर. आमचे साडू धडधाकट गाडीखाली जात, कुणी न बोलावता जात, आणि ज्या तीन वर्षांत त्यांनी हा उद्योग केला त्या तीन वर्षांत त्यांच्या स्वतःच्या दारात लेकीच्या स्कूटीखेरीज काही उभं नव्हतं. लोक त्यांना वेडे म्हणत. म्हणणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माझे सासरचे नातेवाईक होते, आणि त्यांच्या अकलेचा अंदाज मला लग्नाच्या मांडवातच आला होता. तेव्हा इथे मी साडूंची बाजू घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल वाचू नये.

साडू मुखेडला शाळेत भूगोल शिकवत. अंगात कांजी केलेला पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा आणि खिशात टॉर्च. टॉर्च भर उन्हाळ्यात दुपारी बारालाही खिशात असे, कारण गाडीच्या पोटाखाली बारालाही अंधारच असतो. लग्नाला आले की अक्षता पडेपर्यंत मांडवात दिसायचे. पंगत बसली की गायब. मग त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, मला खूण करायची आणि मी मुकाट्यानं उठून गाड्या लावलेल्या पटांगणात जायचं. तिथं कुठल्या तरी उंच, चकचकीत एसयूव्हीखालून पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले असायचे. पंचा खाली अंथरलेला, चपला कडेला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. देवळात जाताना काढतात तशा.

नांदेडच्या एका मंगल कार्यालयात एका पुढाऱ्याच्या गाडीखाली ते असेच गेले होते. ड्रायव्हरनं पाय पाहिले आणि बोंब ठोकली. पाच-पन्नास माणसं जमली. साडू सावकाश सरकत बाहेर आले, पंचा झटकला आणि ड्रायव्हर ‘कोण रे तू’ म्हणायच्या आत त्यांनीच त्याला विचारलं, “मागं शाफ्ट न्हाई, हे मालकाला मालूम हाय का?” तोवर पुढारी स्वतः हात पुसत आले. त्यांनी विचारलं, “गुरुजी, काय निघालं खाली?” साडू म्हणाले, “काय निघालं न्हाई, तेच तर सांगून राहिलो साहेब. एवढी दांडगी गाडी, अन् मागची दोन चाकं नुसती सोबतीला.” लोक हसले. पुढारीही हसले, पण जरा कमी. पुढं आठ दिवस ते भेटेल त्याला आपल्या गाडीचं मागचं चाक चालतं का हे विचारत होते, असं माझ्या कानावर आलं आहे.

आता साडूंचं म्हणणं नीट ऐकून घ्या, कारण हसणाऱ्यांपैकी एकानंही ते ऐकून घेतलं नव्हतं. ते म्हणत, उंच गाडी दिसली की लोकांना वाटतं ही कुठंही जाणार. पण बहुतेक गाड्यांत पुढचीच चाकं ओढतात, मागची मुकाट मागून येतात. त्यांच्या हिशेबी ती अर्धी गाडी. माझी गाडी अशीच आहे, आणि ते तिला माझ्या तोंडावर अर्धी म्हणत. “अर्धी आणली का पूरी पाव्हणं?” हा आमच्या स्वागताचा ठरलेला प्रश्न होता. उरलेल्या थोड्या गाड्यांत पुढून मागपर्यंत एक लांब शाफ्ट जातो आणि मागच्या चाकांनाही जोर मिळतो. पण त्यातही जाती आहेत. बऱ्याच गाड्यांत मागं एक क्लच बसवलेला असतो आणि एरवी तो झोपलेला असतो. पुढची चाकं घसरायला लागली की गाडी त्याला उठवते. “एक बैल ओढून राहिला अन् दुसरा नुसतं जू खांद्यावर घेऊन चालतोय,” साडू सांगत. “पहिला अडखळला की मग दुसऱ्याला हाक. आता तो दुसरा किती वेळात ओ देतो, अन् ओढून ओढून तापला की काय करतो, हे बघायचं. काही बैल तापले की खाली बसतात. काही गाड्याबी तशाच. समोर काचेवर चिठ्ठी येते, यंत्र गरम झालं, थोडं थांबा. मास्तरनं पावसाळ्यात किरकोळ रजा टाकावी तसं.”

मी एकदा त्यांना विचारलं, की मग साध्या गाडीत आणि लोक मिरवतात त्या भारी गाडीत फरक काय? तर म्हणाले, “झुलीचा. बैल तोच, झूल मखमली.” पुष्कळशा भारी गाड्यांतही मागं तसाच क्लच असतो, जरा लवकर जागा होणारा एवढंच, दाम मात्र कातड्याच्या खुर्चीचं आणि काचेच्या छताचं, हा त्यांचा निष्कर्ष होता. एक-दोन गाड्यांत दोन्ही बैल कायम ओढतात हे ते प्रामाणिकपणे कबूल करत. “त्यांना माझा नमस्कार. पण पोट इतकं खाली की आपल्या पाणंदीत त्यांचा नांगर होईल.”

हे सगळं त्यांनी शाळेतून निकालात निघालेल्या नकाशांच्या पाठीवर लिहून काढलं होतं. पुढून दक्षिण अमेरिका, मागून कोष्टक. उभ्या रकान्यांत शाफ्ट, क्लच, किती मोजेपर्यंत जागा होतो, तापल्यावर काय करतो, पोट किती वीत वर. आणि आडव्या ओळींत गाड्यांची नावं. ती कंपन्यांची नव्हेत, कारण कंपनीच्या नावानं माणूस भुलतो असं त्यांचं ठाम मत. नावं अशी: ‘डॉक्टरची पांढरी’, ‘देगलूर रोडच्या कंत्राटदाराची लाल’, ‘मेव्हण्याची काळी, भारी’. भिंतीवर अ‍ॅमेझॉनचं खोरं उलटं टांगून ते तासन् तास बघत बसत. अक्का म्हणत, “एवढं माझ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं.” साडू म्हणत, “तुला बघायची गरज न्हाई, तू चारीबी चाकांनी ओढतीस.” त्यावर अक्का आत निघून जात, पण चिडून नव्हे.

शोरूमवाले तर त्यांना लांबून ओळखत. नांदेडला आणि लातूरला मिळून एकही शोरूम त्यांनी सोडली नव्हती. बिस्किटांच्या जुन्या डब्यात मुखेडच्या शेतातली काळी माती ओली करून नेत, आणि सेल्समननं एसीत बसवून पाणी दिलं की डबा काचेच्या टेबलावर ठेवून झाकण उघडत. “हिच्यात चालंल का?” लातूरच्या एका टायवाल्यानं डब्यात डोकावून मोठ्या उत्साहानं सांगितलं, “सर, हिच्यात स्नो मोड आहे!” साडूंनी झाकण लावलं. “मुखेडला बर्फ पडलं की फोन करतो,” म्हणाले आणि उठले. मी त्या दिवशी सोबत होतो. बाहेर येऊन ते खरोखर रागावले होते. “वाळूची परीक्षा घेतात, बर्फाची घेतात, गोट्याधोंड्यांची घेतात. आपल्या काळ्या मातीची परीक्षा कुणी घेतली? तीस वर्षं पोरांना शिकवलं मी, ही माती पाणी पिऊन फुगते, चिकटते, चाकाला लागली की सोडत न्हाई. चाकावर चाक चढतं तिचं. तिच्यासाठी कामून कुणी बटण बनवलं न्हाई?” माझं लातूरला वह्यापुस्तकांचं दुकान आहे. मी त्यांना उसाचा रस पाजला.

एवढं सगळं कशासाठी, तर रेणूसाठी. रेणू ही त्यांची एकुलती एक मुलगी, ढोरांची डॉक्टर. परभणीला शिकून मुखेडला आली आणि तिनं स्वतःचं काम सुरू केलं. औषधांची पेटी स्कूटीला बांधून ती वाड्यावस्त्यांवर जायची. एका पावसाळ्यात देवणी जातीची गाय अडल्याचा निरोप आला. पाणंदीत स्कूटी रुतली, ती सोडून रेणू पेटी डोक्यावर घेऊन चिखलातून चालत गेली. पोचली तेव्हा गाय गेली होती. मालकानं तिच्या पायावर तांब्यानं पाणी घातलं आणि चहा दिला. रेणू घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी साडूंनी दक्षिण अमेरिका भिंतीवर उलटी टांगली.

हे मला माहीत होतं, अक्कांना माहीत होतं. बाकीच्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं. त्यांचं एकच: पोरीचं वय वाढतंय, लग्नासाठी ठेवलेले पैसे गाडीत घालणार का? आणि घालायचेच तर जावयाला गाडी द्या, पोरीला कशाला? साडू शांतपणे म्हणत, “गाय जावई बघून अडत न्हाई.”

चाकूरजवळ आमच्या दोघांची सासुरवाडी. तिथली येळवस मी जन्मात विसरणार नाही. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ऐन रब्बीत, हरभरा गुडघ्याला आलेला, ज्वारी डोक्यावर. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडायचे, जेवायला भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. नातेवाईक आपापल्या गाड्या घेऊन थेट शेतात येतात. साडूंच्या दृष्टीनं याहून मोठा योग कुठला? त्यांनी दोन बंद पडलेल्या रसवंत्यांच्या चरकाचे लोखंडी रोलर मिळवले होते, वेल्डिंगवाल्याकडून ते चौकटीत बसवून घेतले होते, आणि पहाटेच टेम्पोतून आणून बांधाशी मांडले होते. कृती सोपी. गाडीची पुढची चाकं रोलरवर चढवायची. रोलर गरगर फिरतो, पुढच्या चाकांना पकड मिळत नाही. आता मागच्यांत दम असेल तर गाडी ढकलून बाहेर येईल. नसेल तर जागेवर गुरगुरत बसेल.

पहिला मान माझा. माझी अर्धी गाडी रोलरवर चढली. मी पाय दाबला, पुढची चाकं फिरली, रोलर फिरले, इंजिन ओरडलं आणि गाडी इंचभरही हलली नाही. समस्त सासुरवाडी बांधावर उभी राहून बघत होती. माझी बायकोही त्यांच्यातच उभी राहून हसत होती, हेही लिहून ठेवतो.

मग माझा मेव्हणा पुढं झाला. हा हैदराबादला मोठ्या पगारावर आहे आणि त्याची काळी, भारी गाडी त्याच सालची. “दाजी, ह्या गाडीला असलं काही लागत नाही, हिचं सगळं सेन्सरवर आहे,” असं म्हणत त्यानं ती ऐटीत रोलरवर चढवली. साडू पलीकडे उभे राहून मोठ्यानं मोजू लागले. त्यांना फक्त मागचा बैल किती मोजेपर्यंत ओ देतो एवढं बघायचं होतं. “एक,” म्हणाले. चाकं फिरली. मेव्हण्याला वाटलं माझ्यासारखंच आपलंही हसं होतंय, म्हणून त्यानं पाय पुरता दाबला. साडूंचं “दो” तोंडातच राहिलं. मागचा क्लच जागा झाला, गाडीनं रोलरवरून उडी घेतली आणि ती सरळ कोपीत शिरली. पांडव वाचले, ते कडेला होते. पण भज्जीचं पातेलं उपडं झालं, आंबिलीचं नवं मडकं फुटलं आणि त्या मखमली गाडीच्या नाकावरून आंबील ओघळू लागली. मेव्हण्याला खरचटलंदेखील नाही. बायकांनी जो कल्ला केला तो चाकूरपर्यंत गेला असेल. सासूबाई तर म्हणाल्या, “पांडवांच्या सणाला कौरव आले माझ्या घरात.” आणि या सगळ्या गोंधळात साडू खिशातून पेन काढून नकाशाच्या पाठीवर लिहीत होते: मेव्हण्याची काळी, भारी. दोनच्या आत. शाबास. त्या दिवशी आम्ही सगळे शेजारच्या शेतात जेवलो. येळवशीला कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही, अगदी साडूंनाही.

नातेवाइकांनी ही गोष्ट माफ केली असती. पण पुढच्याच उन्हाळ्यात रेणूला बघायला लातूरचे पाहुणे आले, आणि तिथं साडूंनी कायमचं नाव घालवलं. मुलगा इंजिनिअर, बांधकामाचा धंदा, घरचे तालेवार. दारात त्यांची भलीमोठी गाडी उभी राहिली, आणि मागच्या दारावर मोठ्या रुपेरी अक्षरांत ‘फोर बाय फोर’, म्हणजे चारही चाकं ओढणारी. पोहे झाले, रेणू येऊन बसली, काही बोलणं झालं, मग ती आणि मुलगा आतल्या खोलीत जरा वेळ बोलून आले. ती बाहेर आली आणि तिनं वडिलांकडे एकदा पाहिलं. साडू उठले, खांद्यावरचा पंचा घेतला आणि बाहेर गेले. पाच मिनिटांनी आले तेव्हा सदऱ्याच्या पाठीला धूळ. भर बैठकीत मुलाच्या वडिलांना म्हणाले, “स्टिकर हाय, शाफ्ट न्हाई. आपलं जमायचं न्हाई.”

पाहुणे उठून गेले. भावकीत त्या गोष्टीच्या लाह्या झाल्या. एका स्टिकरवरून सोन्यासारखं स्थळ घालवलं, पोरीचं वाटोळं केलं, म्हाताऱ्याला डॉक्टरला दाखवा, लातूरला चांगले आहेत. खरं सांगतो, मीही त्यांच्यावर चिडलो. महिनाभर बोललो नाही. मग एकदा रेणू लातूरला औषधं न्यायला आली आणि माझ्या दुकानात टेकली, तेव्हा मी तिच्यासमोरच तिच्या वडिलांना नावं ठेवायला सुरुवात केली. ती म्हणाली, “काका, स्थळ मी नाकारलं. आतल्या खोलीत तो म्हणला, लग्नानंतर ढोरांच्या मागं हिंडायचं बंद. शहरात कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकून देतो, एसीत बस. मी न्हाई म्हणलं. बाहेर येऊन बाबाकडं नुसतं बघितलं मी, काही बोलले न्हाई.”

मी त्याच संध्याकाळी मुखेडला गेलो. साडू नकाशासमोर बसले होते. म्हटलं, हे लोकांना सांगत का नाही? ते म्हणाले, “सांगितलं तर काय म्हणतील? पोरगी हट्टी हाय, शिकून डोक्यावर बसली, पाव्हण्याला तोंडावर न्हाई म्हणली. पुढचं स्थळ दारापर्यंत यायचं न्हाई. त्यापरीस बाप येडा हाय म्हणू द्या. येड्या बापाच्या पोरीवर लोक दया करतात. हट्टी पोरीवर कुणीच करत न्हाई.” मी महिनाभर न बोललेला माणूस. मला मान वर करता येईना. आता कुणी माझ्यासमोर त्यांना वेडा म्हणालं की मी भांडतो, दोन लग्नांतून उठून आलो आहे. पण खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो आहे, कारण रेणूनंच परवा म्हटलं, सांगा आता, मला काही फरक पडत नाही.

अखेर त्यांनी गाडी घेतली. लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतूनच घेतली, आणि हे लपवलं नाही. कोष्टकातली ‘डॉक्टरची पांढरी’. साध्याच कंपनीची, जुनी, एका बाजूचा रंग उडालेला, मागची खुर्ची उसवलेली. पण मागं शाफ्ट, दोन मोजायच्या आत जागा होणारा क्लच, त्याला पुढं-मागं सारखं जुंपून ठेवणारं एक बटण, आणि पोट चांगलं वीतभर वर. तिला त्यांनी खोल नक्षीचे टायर चढवले. “यंत्र कुणाचंबी असू द्या, मातीला शेवटी टायरच धरतं. हे कोष्टकात सगळ्यात शेवटी लिहिलं मी, तीन वर्षं लागली,” म्हणाले. मेव्हण्यानं हैदराबादहून फोन करून विचारलं, “दाजी, एवढं करून हीच घेतली?” साडू म्हणाले, “झूल नको होती मला. बैल पायजे होता.”

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता मी काही कामानं मुखेडला गेलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास रेणूला फोन आला. पलीकडच्या एका वस्तीवर देवणी गाय अडली होती, पहिलंच वेत. चार दिवस पावसाची झड लागलेली, त्या सकाळी उघडलेलं. रेणूनं पेटी टाकली, चावी घेतली. साडू चप्पल घालून पुढच्या सीटवर बसलेच होते. मला कुणी ये म्हटलं नाही, मीच मागं चढलो. डांबरी सोडली आणि पाणंदीला लागलो. दोन्हीकडे सोयाबीन, मधे काळाभोर चिखल, पाणी साचलेल्या चाकोऱ्या. गाडी डुलत, सरकत, कधी शेपटी एकीकडे टाकत पुढं चालली होती. रेणूच्या हातात ती नीट होती. मला आठवतं, मी मागून तिच्या मनगटाकडे बघत होतो, तिथं तिनं बांगडीऐवजी पट्टा तुटलेलं जुनं घड्याळ दोऱ्यानं बांधलं होतं.

वस्तीच्या अलीकडे ओढ्याची एक खोलगट जागा आहे, तिथं उतार आणि लगेच चढ. उतारावरून गेलो आणि तळाला गाडी मंदावली. चिखल चाकांच्या कमानीत इतका भरला होता की चाकं फिरताना घासल्याचा आवाज येत होता. रेणूनं पाय दाबला, गाडी हातभर वर गेली आणि परत खाली घसरली. पुन्हा दाबला. समोरच्या काचेत पिवळा दिवा लागला आणि खाली चिठ्ठी आली: यंत्र गरम झालं आहे. तेवढ्यात वस्तीवरून फोन, गाय आता उभीच राहत नाही. रेणूनं एवढंच म्हटलं, “बाबा.”

साडूंनी इंजिन बंद करायला सांगितलं. किती वेळ थांबलो कोण जाणे, पण मला तो फार लांब वाटला. साडू काचेतून चढाकडे बघत होते. मग त्यांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, “उतरा पाव्हणं.” मी म्हटलं, ढकलायचं का? “ढकलून काय हुतंय? आपण दोघं पावणेदोनशे किलो हाव. तिच्या गाडीत तेवढंच जास्त हाय.” ते स्वतः आधी उतरले. घोट्याच्या वर चिखल. मी उतरलो आणि माझी डावी चप्पल त्या मातीनं जी घेतली ती अजून परत दिलेली नाही. साडूंनी दार लावायच्या आधी आत वाकून रेणूला सांगितलं, “दिवा गेला की बटण दाब. हळू ने. पाय उचलू नको, अन् वर गेलीस की थांबू नको.” रेणू म्हणाली, “तुम्ही?” ते म्हणाले, “आमचं काय, आम्ही हाव की इथं.”

दिवा गेला. गाडी सुरू झाली. चारही चाकं एकदम फिरली, चारही बाजूंनी चिखल उडाला, आमच्या दोघांच्या तोंडावर बसला. गाडी इंच इंच वर सरकू लागली. एकदा घसरली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती चढावर पोचली होती. वर गेली, डावीकडे वळली, सोयाबीनच्या वर थोडा वेळ तिचं पांढरं टप दिसलं, मग तेही दिसेनासं झालं. ती थांबली नाही. काचेतून हातही बाहेर आला नाही.

साडू तोंडावरचा चिखलदेखील न पुसता उभे होते. मी काही तरी बोलायला म्हणून म्हटलं, “एकदा मागं वळून तरी बघायचं हो पोरीनं.” तर म्हणाले, “चिखलात मागं बघायचं नसतंय.” आम्ही बांधावर चढून दगडावर बसलो. तीन वर्षं त्या माणसानं माझं डोकं क्लच आणि शाफ्टनं भरलं होतं आणि आज तासभर ते नुसते हातात फोन धरून बसले. अखेर त्यांचा फोन वाजला. त्यांनी दोनदा “हाव” म्हटलं, एकदा “बरं” म्हटलं, आणि फोन खिशात ठेवला. मी विचारलं काय झालं. “कालवड झाली. दोघी बऱ्या हायेत.” गाडी कशी चालली हे त्यांनी विचारलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

रेणूला तिथं अजून वेळ लागणार होता, म्हणून आम्ही डांबरीकडे चालत निघालो. माझ्या एका पायात चप्पल, त्यांच्या दोन्ही एका हातात. चिखल खोल होता आणि त्यांचे गुडघे पूर्वीसारखे राहिले नव्हते. थोडं गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला. मी एवढ्या वर्षांत त्यांना कुणाचा आधार घेताना पाहिलं नव्हतं.

“पाव्हणं, आता तिला लांबलांबची कामं यायला लागतील,” ते म्हणाले. “देवणी गावाकडनं, कर्नाटकाच्या हद्दीवरनं. रोज कोण सोबत जाणार?”

“जाईल की एकटी,” मी म्हटलं. “येऊ द्या कामं.”

ते थांबले. मागं वळून त्या रिकाम्या चढाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“हाव,” म्हणाले. “येऊ द्या.”